आधी शांतता ऐका

आई-बाबांनो,

काही महिन्यांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. आवाजातच काळजी होती. “ताई, मामाने याला हौसेनं मोठा ट्यूब अ‍ॅम्प दिला. वाढदिवसाला आम्ही घेतलेली गिटार त्यालाच जोडली. आता यानं तारांना हात लावला नाही तरी घरभर घूं घूं घुमतं, आणि वाजवायला घेतलं की गिटार किंचाळते. पोरगं रडकुंडीला आलंय. हे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. खराब काय आहे, गिटार की अ‍ॅम्प?”

मी घरी जाऊन पाहिलं. गिटार उत्तम होती, अ‍ॅम्पही उत्तम होता. दोघांची जोडी जमलेली नव्हती, एवढंच.

गेली अठरा वर्षं मी गिटार शिकवते आहे. हा प्रश्न आता वरचेवर येतो, म्हणून आज तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, “आम्हाला रॉकमधलं, मेटलमधलं काय कळतं?” काहीच कळत नसलं तरी चालेल. अशा अ‍ॅम्पसाठी गिटार निवडताना तुमचे कान मुलाच्या फार उपयोगाचे आहेत. कसे, ते सांगते.

आधी अ‍ॅम्पची ओळख करून घेऊ. आजोबांच्या घरातला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवतो? बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आत नारिंगी उजेड फुलायचा, व्हॉल्व्ह तापायचे आणि मग निवेदकाचा आवाज यायचा. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये तेच व्हॉल्व्ह असतात. तारेच्या कंपनातून येणारा विजेचा संदेश अगदी दुबळा असतो, तो व्हॉल्व्ह मोठा करतो. ‘हाय-गेन’, म्हणजे संदेश खूप वाढवणाऱ्या, अ‍ॅम्पमध्ये एका टप्प्यावर मोठा झालेला संदेश दुसऱ्या टप्प्यात जातो, तिथून तिसऱ्यात, कधी चौथ्यात. शेवटी तो व्हॉल्व्हच्या मर्यादेबाहेर जातो आणि लाटेचे माथे कापले जातात. त्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. मुलाला हवा असलेला तो जाड, धारदार, लांबत राहणारा आवाज इथे तयार होतो. तो बिघाड नसतो, मुद्दाम घडवलेला असतो.

पण याची दुसरी बाजूही आहे. असा अ‍ॅम्प मोठ्या आवाजाला आवरतो आणि लहान आवाजाला उचलून धरतो. जोरात मारलेला स्वर आणि तारेवरून घसरलेलं बोट यांच्यातलं अंतर तो कमी करतो. पंख्याच्या रेग्युलेटरची खरखर, घरातल्या विजेची गुणगुण, नीट न दाबलेली शेजारची तार, सगळं तो पुढे आणून ठेवतो. म्हणून अशा अ‍ॅम्पसाठी गिटार बघताना पहिला प्रश्न हा, की कुणी वाजवत नसताना ती किती शांत राहते?

या शांततेचं मूळ पिकअपमध्ये असतं. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारेचं कंपन तो टिपतो, आणि भिंतीतल्या विजेची सेकंदाला ५० वेळा होणारी थरथरही टिपतो. एकच वेटोळं असलेल्या पिकअपला सिंगल कॉइल म्हणतात. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर असे तीन पिकअप होते. साध्या, स्वच्छ आवाजात ते फार गोड लागतात. हाय-गेन अ‍ॅम्पला लावले की मात्र ती थरथरच गरजू लागते. फोन करणाऱ्या आईच्या घरी नेमकं हेच झालं होतं.

यावरचा तोडगा गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये काढला. त्यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली, एकाचे वेढे आणि चुंबकाची दिशा दुसऱ्याच्या उलट केली. बाहेरची थरथर दोन्ही वेटोळ्यांत एकमेकींच्या उलट उमटते आणि खोडली जाते; तारेचा आवाज मात्र एकत्र येतो. ही ‘हम’, म्हणजे गुणगुण, मोडणारा, म्हणून त्याचं नाव हंबकर. १९५७ पासून तो गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर बसू लागला. आज ट्यूब अ‍ॅम्पवर जड संगीत वाजवणाऱ्यांच्या गिटारीत, तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळ, बहुधा हंबकर सापडतो. दुकानात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: ब्रिजजवळ हंबकर हवा.

मुलांना आवडेल अशी एक खरी गोष्ट सांगते. नेदरलँड्समध्ये जन्मलेला रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन १९६२ साली आई-वडील आणि भावासोबत अमेरिकेत पॅसाडेनाला आला. वडील क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवत. मोठा झाल्यावर एडीकडे शंभर वॉटचा मार्शल ट्यूब अ‍ॅम्प होता आणि आपल्या या पोरासारखीच अडचण होती: हातात बसायची स्ट्रॅटोकास्टर, आवाज हवा होता गिब्सनचा. त्यानं स्वस्तात मिळालेली बॉडी आणि मान आणली, जुन्या गिब्सनमधला हंबकर काढून त्या बॉडीत बसवला, आणि पिकअप किंचाळू नये म्हणून तो वितळलेल्या मेणात बुडवला. वेढ्यांमधली जागा मेणानं भरली की वेढे हलत नाहीत आणि शिट्टी थांबते. तीच गिटार त्याच्या बँडच्या १९७८ सालच्या पहिल्या अल्बमवर वाजते. पुढे १९९२ मध्ये पीव्ही कंपनीनं त्याच्यासोबत ५१५० नावाचा हाय-गेन अ‍ॅम्प बाजारात आणला. महागडी गिटार घेऊन त्यानं सुरुवात केली नव्हती. आपल्या अ‍ॅम्पला काय मानवतं, हे त्यानं कान देऊन शोधलं होतं.

मुलं ‘हॉट पिकअप’चा हट्ट धरतील. समजावून सांगा, की गेन द्यायला अ‍ॅम्प समर्थ आहे. त्यात आणखी जोरकस पिकअप ओतला तर स्वरांचा चिखल होतो. मध्यम ताकदीचा, मेण भरलेला हंबकर अशा अ‍ॅम्पवर बहुतेक वेळा अधिक स्पष्ट बोलतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअपही खूप शांत असतात. ते घेतलेत तर वाजवून झाल्यावर केबल गिटारमधून काढायची सवय लावा, नाहीतर बॅटरी उतरत राहते.

आता हातांचं. फेंडर घराण्याच्या गिटारीत तारेची लांबी साधारण ६४८ मिलिमीटर, गिब्सनच्या बऱ्याच गिटारीत ६२८. लहान हातांना आखूड लांबी सोपी जाते, बोटांना ताणही कमी पडतो. मुलाला तारा खाली उतरवून खर्जात वाजवायचं असेल तर जास्त लांबी बरी, म्हणजे तारा ढिल्या पडत नाहीत. लेस पॉलसारखी गिटार चार किलोच्या आसपास भरते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ती खांद्यावर घेऊन अर्धा तास उभं राहू द्या आणि मग विचारा. पहिल्या गिटारीला तरंगता, लॉक होणारा ट्रेमोलो, म्हणजे दांडीनं हलणारा ब्रिज, नको असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात एक तार तुटली की बाकीच्या सगळ्या बेसूर होतात, आणि मुलाचा रियाजाचा वेळ चावी फिरवण्यात जातो. स्थिर ब्रिजची गिटार सुरात राहते.

तंबोरा घ्यायला मिरजेला जाणारी माणसं कशी वागतात, आठवून पाहा. दुकानात बसतात, आपल्या पट्टीला लावून घेतात, जवारी ऐकतात, घाई करत नाहीत. गिटारही तशीच घ्या. शक्य असेल तर घरचाच अ‍ॅम्प सोबत न्या, नाहीतर त्याच जातीचा दुकानात लावायला सांगा. गेन घरी असतो तेवढाच ठेवा आणि मुलाला म्हणा, “तारांवर तळहात ठेव आणि काही वाजवू नकोस.” डोळे मिटून ऐका. श्वासासारखी बारीक सळसळ चालेल, भुंग्याची गुणगुण नको. मग त्याला एक जोरदार कॉर्ड, म्हणजे अनेक स्वर एकदम, मारून झटकन थांबायला सांगा. आवाज तुटला पाहिजे, शिट्टी उरता कामा नये. नंतर कॉर्ड धरून ठेवायला सांगा, आतले स्वर वेगळे ऐकू येतात का बघा. गिटारवरचा व्हॉल्यूम निम्मा करून पाहा, चांगल्या जोडीत आवाज नुसता बारीक होत नाही, स्वच्छही होतो. शेवटी तार ताणून सोडायला सांगा, ती परत सुरात येते का? यातल्या कशालाही संगीताचं शिक्षण लागत नाही. कान तुमचे असू द्या. हाताला काय आवडलं, ते मात्र त्यालाच ठरवू द्या. म्हणूनच गिटार गुपचूप आणून वाढदिवसाला समोर ठेवू नका.

अनेक पालक मला विचारतात, “हा कसला गोंगाट?” त्यांना मी एवढंच सांगते, की या संगीतात दोन आघातांमधली शांतता सर्वांत कठीण असते. उजव्या तळव्याची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवून, एवढा मोठा आवाज क्षणात थांबवायला मुलं महिनोन्महिने मेहनत घेतात. दारामागून नुसता दणका ऐकू येतो. कधी खोलीत जाऊन बसा, त्याचं थांबणं ऐका.

काही गोष्टी मात्र आईच्या काळजीनं सांगते, त्यात तडजोड करू नका. ट्यूब अ‍ॅम्पच्या आत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो आत साठून राहू शकतो, म्हणून झाकण फक्त जाणकार कारागिरानं उघडायचं. गिटारच्या तारा अ‍ॅम्पमार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि त्या तारांवर तुमच्या मुलाचे हात असतात. जुन्या घरात अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या, आणि तीन पिनांचा प्लग कधीही दोन पिनांचा करू नका. अमेरिकेतून आलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट; योग्य क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरशिवाय तो लावू नका. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि कान जपा. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही मर्यादा मानली जाते, पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. रात्री १० नंतर अ‍ॅम्प बंद, शेजाऱ्यांसाठी आणि कायद्यासाठीही.

त्या मुलाचं काय झालं, हे विचारणारच तुम्ही. नवी गिटार घ्यावी लागली नाही. सिंगल कॉइलच्या मापात बसणारे हंबकरही मिळतात. तसा एक ब्रिजजवळ बसवून घेतला आणि आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावली, म्हणजे दिव्याबिव्यांची खरखर कमी झाली. संध्याकाळी वडील ऑफिसमधून आले, तेव्हा मुलानं अ‍ॅम्प चालू केला, तळहात तारांवर ठेवला आणि म्हणाला, “बाबा, ऐका.” काहीच वाजत नव्हतं. वडील खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “आता वाजव.”

तुम्हीही एवढं करा. दुकानात त्याच्याबरोबर जा, आधी शांतता ऐका, आणि घरी आल्यावर खुर्ची ओढून बसा.