टेबलाची लांबी नव्हे, आधी रुंदी बघा

प्रश्न : मी घरून काम करते. सध्याचे टेबल ३ फूट बाय दीड फूट आहे. २७ इंची दोन मॉनिटर त्यावर मावत नाहीत. सुताराला नवे माप काय सांगू?

उत्तर : लांबी ५ फूट पुरे. २७ इंची मॉनिटरला साधारण २ फूट लागतात; माऊस आणि वहीपुरती जागा उरते. खरी अडचण दीड फूट रुंदीची आहे. मॉनिटरचा स्टँडच बरीच जागा खातो, पुढे कीबोर्ड ठेवला की पडदा अगदी नाकासमोर येतो. डोळ्यांपासून तो हातभर तरी लांब हवा. म्हणून रुंदी अडीच फूट सांगा. खोली लहान असली तर लांबी कमी करा, पण रुंदी नको.

उंची सुताराच्या सवयीवर सोडू नका, तो बहुधा ३० इंच धरेल. खुर्चीत बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात दुमडा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. तेच तुमचे माप. तुमची उंची सव्वापाच फुटांच्या आत असेल, तर ३० इंचांवर टाइप करताना खांदे उचललेलेच राहतात आणि मान भरून येते.

प्लाय १९ मिमी घ्या, मागच्या कडेखाली आडवी पट्टी मारून घ्या. वायरींसाठीचे भोक सनमायका लावण्याआधीच ठरवा.