अणू, रेणू आणि मिठाची ताटली



इथे इस्राएलमध्ये तुम्ही शाळेत विज्ञान हिब्रूतून शिकता आणि घरी आजोबा मराठीतून बोलतात. त्यामुळे गृहपाठ अडला की आजोबांना उत्तर ठाऊक असूनही सांगता येत नाही. म्हणून प्रथम शब्दांच्या जोड्या लावून घेऊ. अणू म्हणजे तुमचा 'अटोम', रेणू म्हणजे 'मोलेकूला'. स्थायू म्हणजे 'मुत्साक', द्रव म्हणजे 'नोझेल' आणि वायू म्हणजे 'गाझ'. हे वहीत उतरवून घ्या.

पाण्याचा एक रेणू तीन अणूंचा बनतो: हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक. रेणू इतका लहान असतो की १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे चहाच्या साधारण साडेतीन चमच्यांत, सुमारे ६ वर २३ शून्ये इतके रेणू मावतात.

बर्फात हे रेणू जागच्या जागी थरथरतात, पण जागा सोडत नाहीत. म्हणून बर्फाला स्वतःचा आकार असतो. पाण्यात ते जवळजवळच असतात, पण एकमेकांवरून सरकतात. म्हणून पाणी भांड्याचा आकार घेते. वाफेत ते दूर दूर पळतात. १ लिटर पाणी उकळून संपले तर त्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते.

आता पुष्कळांना चकवणारा प्रश्न. उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांत काय असते? हायड्रोजन व ऑक्सिजन, असे लिहाल तर चुकाल. त्यांत पाण्याचीच वाफ असते. उष्णतेने रेणू एकमेकांपासून सुटतात, पण रेणू स्वतः फुटत नाही. रूप बदलते, पदार्थ तोच राहतो.

एक प्रयोग करा. ताटलीत थोड्या पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून ती मिरपेसेतवर उन्हात ठेवा. काही दिवसांनी पाणी नाहीसे होईल, मीठ उरेल. पाणी तर उकळले नाही, मग गेले कुठे? सर्व रेणू सारख्या वेगाने हलत नाहीत. पृष्ठभागावरचे वेगवान रेणू सुटून हवेत जातात. याला बाष्पीभवन म्हणतात. मिठात मात्र सोडियम व क्लोरीनचे विद्युतभारित अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. मीठ नुसते वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते, मग उन्हाने ते कसे उडणार?

याम हामेलाखमध्ये, म्हणजे मृत समुद्रात, हेच घडते. यार्देन नदीचे पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी उडते, क्षार मागे राहतात. साध्या समुद्रात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात, तर इथे सुमारे ३४ टक्के. कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) मिठागरांतही भरतीचे पाणी उथळ जागी अडवून याच रीतीने मीठ तयार होई. आजोबांनी मिठागर पाहिले असेल तर त्यांना त्याची हकीकत विचारा.

आणि जाता जाता त्यांनाही एक प्रश्न घाला: दोरीवरचे ओले कपडे न उकळता कसे वाळतात? त्यांनी उत्तर मराठीत द्यावे, तुम्ही ते हिब्रूत लिहावे.