रंगीत काचेतून ग्रहदर्शन

रेवस हे अलिबाग तालुक्यातील एक लहानसे बंदर. धरमतरची खाडी जेथे मुंबईच्या बंदरास मिळते, तेथे तिच्या पश्चिम तीरावर हे गाव वसले आहे. समोर पाण्यापलीकडे करंजा आणि त्याच्या पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर दिसतो. उत्तरेस, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, मुंबईच्या उंच इमारती नजरेस पडतात. भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या लाँचा येथेच येऊन लागतात.

२०२५ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. माघ वद्य पक्ष चालू होता, त्यामुळे संध्याकाळी आकाशात चंद्र नसे. पश्चिमेस शुक्र, माथ्यावर रोहिणीजवळ गुरू आणि पूर्वेकडे मिथुन राशीत मंगळ असे तीन ग्रह एकाच वेळी दिसत होते. असा योग दवडू नये म्हणून शाळेतील गुरुजींनी आपली दुर्बीण धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत आणून मांडली. ती सहा इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती. तिच्यासोबत एक लाकडी पेटी होती. पेटीत कापसावर चार रंगीत काचेच्या चकत्या ठेवलेल्या होत्या : पिवळी, नारिंगी, हिरवी आणि निळी. प्रत्येक चकतीस धातूचे कडे होते व त्यास आटे पाडलेले होते. दुर्बिणीच्या ज्या भिंगास डोळा लावावयाचा, त्या नेत्रभिंगाच्या खालच्या तोंडास ती चकती फिरवून बसविता येत असे. अशा काचेस फिल्टर म्हणतात. पाणी गाळावयास गाळणी, तशी ही प्रकाश गाळावयाची गाळणी होय.

शेजारच्या बोडणीच्या कोळीवाड्यातील एका मुलाने पेटीत डोकावून शंका काढली, “गुरुजी, ग्रह तर आधीच केवढेसे दिसतात. त्यांच्यापुढे आणखी रंगीत काच धरली, तर ते अधिकच अंधुक होतील की!”

“होतील खरेच,” गुरुजी म्हणाले. “ही नारिंगी काच निम्म्याहून अधिक प्रकाश अडविते. ही निळी तर दहापैकी सुमारे सात भाग अडविते. काच पदरचे काही देत नाही, उलट जे आहे त्यातलेच काढून घेते. आणि तरीही तिच्यामुळे अधिक दिसते. कसे, ते ग्रह उगवण्यापूर्वीच पाहू.”

सूर्य मावळावयास अजून अवकाश होता. गुरुजींनी एका मुलीजवळ पांढरा कागद व तांबडी पेन्सिल दिली आणि एक वर्तुळ काढावयास सांगितले. मग तिच्या हाती जिलेटिनचा तांबडा कागद दिला. तिने तो डोळ्यांपुढे धरला आणि ती चकित झाली. सारा कागद तांबडा दिसत होता व त्यावरील वर्तुळ नाहीसे झाले होते! तांबडा कागद काढून तिने निळा धरला. आता कागद निळा दिसू लागला आणि त्यावर ते वर्तुळ काजळाने काढल्यासारखे काळेभोर उमटले.

कारण अवघड नाही. पांढरा कागद सर्वच रंगांचे किरण परत पाठवितो. तांबडी रेघ मुख्यत्वे तांबडेच किरण परत पाठविते. तांबड्या जिलेटिनमधून दोहोंकडील तांबडे किरण सारखेच येतात, म्हणून रेघ व कागद यांत भेद उरत नाही. निळ्या जिलेटिनमधून कागदाकडील निळे किरण येतात. रेघेकडे मात्र निळे किरण नाहीतच. म्हणून ती काळी दिसते. प्रकाश दोन्ही वेळा कमीच झाला. पण एकदा भेद पुसला गेला आणि एकदा तो ठळक झाला. कोणत्या वस्तूस कोणती काच लावावयाची हे ज्याला कळले, त्याला या पेटीचा उपयोग कळला.

मुलाच्या हाती तोवर नारिंगी चकती आली होती. झाडांच्या शेंड्यांवर टेकलेल्या सूर्याकडे दुर्बीण वळवून ही काच लावावी, असे त्याच्या मनात आले. त्याने नळीस हात लावला मात्र, गुरुजींनी झटकन पुढे होऊन दुर्बिणीच्या तोंडावर झाकण ठेवले. इतका वेळ हसतमुख असलेला त्यांचा चेहरा कठोर झाला.

“कोणत्याही रंगाची काच लावून दुर्बिणीतून सूर्याकडे पाहावयाचे नाही. कधीही नाही,” ते म्हणाले. “काच रंगीत असली म्हणजे ऊन अडले असे वाटते, पण उष्णतेचे जे किरण डोळ्यांस दिसत नाहीत, ते हिच्यातून सरळ आत जातात. दुर्बीण ते सारे एका बिंदूत गोळा करते. काच तडकू शकते आणि डोळा तर क्षणात भाजतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यास वेदना कळत नाही. म्हणून भाजल्याचे समजतदेखील नाही. समजते तेव्हा दृष्टी गेलेली असते.” मुलाने चकती मुकाट्याने पेटीत ठेवली. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत गुरुजींनी झाकण काढले नाही.

दरम्यान त्यांनी मुलांना समोरचा द्रोणागिरी आळीपाळीने दोन काचांतून पाहावयास सांगितले. फेब्रुवारीतील खाडीवरच्या हवेत धुरकटपणा असतो. निळ्या काचेतून डोंगर त्या धुरकटात विरून गेल्यासारखा दिसला. नारिंगी काचेतून त्याची धार स्पष्ट झाली. हवेतील अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश फार विखुरतात, तांबडा त्या मानाने कमी. म्हणून निळ्या काचेतून मधली हवाच अधिक दिसते आणि तांबड्या-नारिंगी काचेतून हवेपलीकडची वस्तू. अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या राइट नावाच्या ज्योतिर्विदाने १९२४ साली हीच युक्ती योजिली होती. त्याने डोंगरावरील वेधशाळेतून खालच्या सॅन होजे शहराची दोन छायाचित्रे घेतली, एक जांभळ्या प्रकाशात व दुसरे तांबड्याच्याही पलीकडील अदृश्य प्रकाशात. पहिल्यात नुसते धुके होते, दुसऱ्यात शहर होते. त्याच वर्षी त्याने मंगळाचीही अशीच छायाचित्रे घेतली, आणि तेथेही तोच भेद आढळला. पृथ्वीवरील एका शहराने दूरच्या ग्रहाचे चित्र वाचावयास शिकविले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अंधार पडू लागताच शुक्र झळाळू लागला. दुर्बिणीत तो वाटोळा न दिसता चतुर्थीच्या चंद्रासारखी कोर दिसत होता. पण तेज इतके की कोरीच्या कडा थरथरून फाटल्यासारख्या भासत. पिवळी काच लावल्यावर तेज थोडे निवले, नारिंगी लावल्यावर आणखी निवले आणि कोरीची टोके रेखीव झाली. शुक्रावर त्याहून अधिक काही दिसले नाही. तो ग्रह दाट ढगांनी झाकलेला आहे आणि त्या ढगांतील छटा मुख्यतः जांभळ्यापलीकडच्या अतिनील प्रकाशात उमटतात. गडद जांभळी काच शंभरांतील तीनच भाग प्रकाश आत सोडते, त्यामुळे ती मोठ्या दुर्बिणीलाच परवडते.

चकत्यांच्या कडांवर बारीक आकडे कोरलेले होते : १२, २१, ५८, ८०अ. मुलीने त्यांचा अर्थ विचारला. फ्रेडरिक रॅटन या इंग्रज गृहस्थाच्या कारखान्यात छायाचित्रणासाठी अशा रंगगाळण्या तयार होत. १९१२ साली तो कारखाना कोडॅक कंपनीने विकत घेतला. गाळण्यांना दिलेले ते क्रमांक मात्र पुढे टिकून राहिले. म्हणून रेवसच्या निरीक्षकाने आपल्या वहीत ‘२१’ एवढेच लिहिले, तरी दुसऱ्या देशातील निरीक्षकास त्यावरून नेमकी तीच नारिंगी काच कळते.

यानंतर दुर्बीण गुरूकडे वळली. नुसत्या नेत्रभिंगातून गुरूचे बिंब फिकट पिवळसर दिसत होते आणि त्यावर दोन पुसट आडवे पट्टे होते. गुरुजींनी निळी काच बसविली. बिंब मंद झाले, परंतु पट्टे गडद झाले आणि त्यांच्या कडा सरळ नसून दातेरी आहेत हेही ध्यानात आले. पट्टे तपकिरी आहेत, म्हणजे त्यांच्याकडून येणाऱ्या प्रकाशात निळा अंश थोडा. दुपारच्या वर्तुळाचीच ही गोष्ट होती, ती मुलांनी आपण होऊन ओळखली. “मग गुरूवरचा तो मोठा तांबडा डाग?” मुलीने विचारले. पृथ्वीहूनही रुंद असे ते वादळ निळ्या काचेतून अधिक गडद दिसते. पण त्या घटकेस ते गुरूच्या पलीकडील बाजूस होते. गुरू दहा तासांहूनही कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, तेव्हा थोडी वाट पाहणाऱ्यास ते सापडतेच. मुलांना तितका वेळ नव्हता. घरी जेवणाची वेळ होत आली होती.

मंगळ सर्वांत शेवटी पाहावयाचा होता. तो पृथ्वीपासून दूर जाऊ लागला होता, त्यामुळे त्याचे बिंब लहान होते. नारिंगी काचेतून त्यावरील काळसर डाग जरा उठून दिसले व उत्तर ध्रुवावरील बर्फाचा पांढरा ठिपकाही ओळखता आला. निळी काच लावताच ते काळसर डाग जवळजवळ नाहीसे झाले. पण बिंबाच्या कडेस एक फिकट उजळपणा दिसू लागला. नारिंगी काचेने मंगळाची जमीन दाखविली आणि निळ्या काचेने तिच्यावरचे पांढरे, बर्फाच्या कणांचे ढग.

“पण गुरुजी, ढग आहे की धूळ आहे, हे एवढ्या दुरून कसे ठरवावयाचे?” मुलाने विचारले.

तेव्हा गुरुजींनी १९७१ सालची हकिकत सांगितली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या फार जवळ, साडेपाच-पावणेसहा कोटी किलोमीटरांवर आला होता. अमेरिकेचे मरिनर ९ हे यान आणि सोव्हिएत संघाची मार्स २ व मार्स ३ ही याने मंगळाच्या वाटेवर होती. त्याच सुमारास निरनिराळ्या देशांतील वेधशाळा एका योजनेखाली ग्रहांची छायाचित्रे तांबड्या, हिरव्या व निळ्या काचांतून घेत असत, म्हणजे एका देशात दिवस उजाडला तरी दुसऱ्या देशात पहारा चालू राही. तमिळनाडूतील कावळूरची वेधशाळाही या पहाऱ्यात होती. २२ सप्टेंबर रोजी दक्षिण आफ्रिकेतून मंगळाच्या दक्षिण भागावर एक उजळ पट्टा दिसला. पांढरा ढग निळ्या काचेतून उजळ दिसतो. हा नवा पट्टा तांबड्या प्रकाशात उजळ होता. तेव्हा ते बर्फाचे ढग नव्हेत, उडालेली धूळ आहे, हे कळून चुकले. दोन-तीन आठवड्यांत त्या धुळीने सारा ग्रह झाकून टाकला.

१४ नोव्हेंबर रोजी मरिनर ९ मंगळाभोवती फिरू लागले. दुसऱ्या ग्रहाभोवती प्रदक्षिणा घालणारे ते पहिलेच यान. परंतु त्याच्या कॅमेऱ्यांस धुळीवर डोके काढलेल्या चार काळसर ठिपक्यांखेरीज फारसे काही दिसेना. ते ठिपके म्हणजे प्रचंड ज्वालामुखी पर्वतांचे माथे होत, हे धूळ बसल्यावर समजले. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून त्या यानास थांबविता आले. त्याने वाट पाहिली आणि १९७२च्या जानेवारीपासून मंगळाचे नकाशे काढले. सोव्हिएत यानांना असे थांबविण्याची सोय नव्हती. त्यांनी ठरल्याप्रमाणे आपले भाग खाली सोडले. मार्स २चा भाग जमिनीवर आदळून नष्ट झाला. मार्स ३चा भाग उतरला, पण काही सेकंदांतच त्याचा आवाज बंद झाला.

मुले काही वेळ बोलली नाहीत. मग मुलीने दुर्बिणीतून पुन्हा एकदा मंगळाकडे पाहिले. गुरुजींच्या सांगण्यावरून तिने वहीत दोन वर्तुळे काढली. एकाखाली ‘२१’ व दुसऱ्याखाली ‘८०अ’ असे लिहून जे दिसले तेवढेच त्यांत रेखाटले. जे दिसले नाही पण दिसावयास हवे होते, ते पुस्तकात पाहून भरण्याची मुभा गुरुजींनी दिली नाही. तारीख, वेळ आणि दुर्बिणीचा व्यास तिने कोपऱ्यात लिहिला. मंगळ पुन्हा १९७१ इतका जवळ सप्टेंबर २०३५ मध्ये येईल हे ऐकून दोघांनी आपापले तेव्हाचे वय बोटांवर मोजले.

एवढ्यात दूर पाण्यावर दोन दिवे दिसले, एक तांबडा व एक हिरवा. कोळ्याच्या मुलाने लगेच सांगितले, “लाँच सरळ आपल्याकडे येते आहे. तांबडा दिवा तिच्या डाव्या अंगाचा आणि हिरवा उजव्या अंगाचा. एकच दिसला असता, तर ती आडवी चालली आहे असे समजले असते. आजोबांच्या वेळी कंदिलापुढे रंगीत काच बसवीत.”

गुरुजींनी चारही चकत्या पुसून कापसावर ठेवल्या आणि पेटी मिटली. थोड्याच वेळात लाँच धक्क्यास लागली.