समुद्रातून थेट घाटात

आमचा अंबडचा माणूस गोव्याला जातो तो रजेचा हिशेब करून. शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा उरकायचं, जेवून गाडी काढायची, की उजाडता घरी. आमचाही बेत तोच होता.

ग्रँड आयलंडजवळचं ‘सुझीज रेक’ हे दुसऱ्या महायुद्धातलं जहाज, असं बोटीवर सांगतात. ९ मार्च १९४३ ला मुरगाव बंदरात ‘एरेनफेल्स’ आणि इतर जर्मन जहाजं त्यांच्याच खलाशांनी बुडवली. तेव्हापासून इथल्या गंजक्या पत्र्यांना युद्धाची गोष्ट चटकन चिकटते. खाली पाहावं तर पत्र्यावर कालवांचा जाड थर, भोकाभोकांतून तांबोशीची पिल्लं. कशालाही हात लावू नका. कालवाची धार ब्लेडसारखी कापते. आणि विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी दम धरायची सवय काठावरच सोडावी. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तिथे भरलेला श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं.

दोन डाइव्ह झाल्या. बोटवाल्याने विचारलं, “आज विमान नाही ना?” नव्हतं. घाटाचं कोणी विचारलं नाही.

चोर्ला घाटाचा माथा ८०० मीटरच्या आसपास. अर्ध्यावर माझा खांदा आतून ठणकायला लागला, बोटांना मुंग्या आल्या. भाच्याने बाम काढला. गाडी चालवणाऱ्या मित्राने मात्र ती सरळ मागे वळवली. खाली इस्पितळात लगेच ऑक्सिजन लावला. नायट्रोजनचेच बुडबुडे, असं डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही, पण शंका तीच होती. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर आल्यावर कित्येक तास हळूहळू निघत राहतो. तेवढ्यात उंचावर गेलं, हवेचा दाब उतरला, की त्याचे बुडबुडे होतात.

विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात. घाटालाही तेच लावा. डाइव्ह पहिल्या दिवशी, देवळं नंतर. सांधा दुखला, मुंग्या आल्या, विनाकारण गळून गेल्यासारखं वाटलं, तर वेदनाशामक गोळी घेऊन झोपू नका, डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा, “डाइव्ह केली होती.”

आता निवतीच्या समुद्रात नौदलाची निवृत्त ‘गुलदार’ बुडवून कृत्रिम खडक करायची योजना आहे. तिथून आपल्याकडची वाट आंबोलीवरून, म्हणजे जवळपास ७०० मीटर. रात्रीचा मुक्काम वेंगुर्ल्यातच धरा.