जालन्यात सक्युलंट : पैसे कशावर घालावेत, कशावर नाही

खिडकीत पाच सक्युलंट ठेवायचे तर सहाशे-सातशे रुपये पुरतात. दोन-तीन हजार घालवणारेही आहेत. त्यांचा पैसा जातो चिनी मातीच्या कुंड्यांवर आणि मेलेल्या रोपांच्या जागी आणलेल्या नव्या रोपांवर.

कोरफड आणि पानफुटी विकत घेऊच नका. कोरफडीचं पिल्लू कुणाच्याही अंगणात मिळतं, पानफुटीचं एक पान मातीवर टाकलं की कडेला रोपं फुटतात. जेड साधारण साठ रुपयांना येतो. इथे ‘जेड’ म्हणून बहुधा मिळतो तो दक्षिण आफ्रिकेत हत्तींचा चारा असतो, म्हणजे चिवट. एक घ्या, फांद्या लावून दहा करा. हावर्थिया शंभर-सव्वाशेला, स्नेक प्लांट दीडशेच्या आसपास. आकार आणि नर्सरीप्रमाणे भाव थोडा इकडेतिकडे होईल.

मोह होतो तो गुलाबासारख्या दिसणाऱ्या एचेव्हेरियाचा. दीडशे-तीनशे रुपये देऊन माणूस घेऊन येतो आणि मे महिन्यात गमावतो. हे झाड मूळचं मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं, त्याला रात्र थंड लागते. जालन्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. अशात कीव येऊन आपण पाणी वाढवतो आणि मुळं कुजतात. लाल-पिवळ्या टोपीचा कॅक्टस तर कलम असतो; त्या टोपीत हरितद्रव्य नसतं, खालच्या खुंटावर ती जगते आणि बहुतेक वेळा काही वर्षांत संपते. दोनशे रुपये देताना हे माहीत असावं. कॅक्टसवरची भडक फुलंही हलकेच ओढून बघा, पुष्कळदा चिकटवलेली असतात.

खरा खर्च मातीवर करावा, आणि तोही फार नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. कापसाला ती सोनं, सक्युलंटला विष. नर्सरीतल्या नुसत्या कोकोपीटमधल्या रोपाचीही माती घरी आणल्यावर आठवड्याभरात बदलावी. मिश्रण असं: एक भाग पोयटा किंवा कुजलेलं शेणखत, दोन भाग चाळलेला बारीक मुरूम, एक भाग जाडी वाळू किंवा विटांचे तुकडे. वाळूचा भाव जालनेकरांना सांगायला नको, म्हणून बांधकामावरून विचारून पिशवीभर आणा. बाकीचं शंभरात भागतं. कुंडी साधी मातीची, तीस-चाळीस रुपयांची, बुडाला भोक असलेली. भोक नसलेली सुंदर कुंडी कुणी भेट दिली तर पेनं ठेवायला वापरा.

पाण्याचा खर्च जवळपास नाही. नळाला रोज पाणी येत नाही अशा घरांना हे सोयीचंच. माती आतपर्यंत सुकली की मगच घाला. हिवाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात संध्याकाळी आणि थोडं. पावसाळ्यात कुंड्या छताखाली घ्या. मे महिन्यात दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा. हिरव्या शेडनेटचा तुकडा पुरतो.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. सीताफळवाल्यांना तो चांगलाच ओळखीचा. महागडं औषध नको, मेडिकलमधलं स्पिरिट बोळ्याने लावा आणि ती कुंडी वेगळी ठेवा.

खरेदी दसऱ्यानंतर करा. एप्रिल-मेमध्ये पार्सलने रोपं मागवू नका. बंद खोक्यात, तापलेल्या गाडीत ती शिजून येतात.