पंपाच्या पेटीची उष्णतामर्यादा : डेटाशीट कशी वाचावी

पालघर, बोईसर व तारापूर या पट्ट्यांतील वाड्यांतून गेल्या कांहीं वर्षांत पंपाच्या शेजारीं एक नवी पेटी दिसूं लागली आहे. कोठें ती मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारा स्टार्टर असते, तर कोठें सौरपंपाचा कंट्रोलर. केंद्राची कुसुम योजना २०१९ सालीं व राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना २०२४ सालीं निघाल्यापासून या दुसऱ्या प्रकारच्या पेटीचा प्रसार विशेष झाला. पेटीच्या आंत काय काय भरलें आहे हें शेतकऱ्यानें जाणलेंच पाहिजे असें नाहीं. परंतु ती उष्णता किती सोसते हें मात्र त्यानें जाणलें पाहिजे. कारण नागवेलीस व नव्या कलमांस एक दिवसाचाही खाडा चालत नाहीं अशा ऐन मे महिन्यांतच ती बंद पडण्याचा संभव अधिक असतो.

पेटींतील प्रत्येक सुट्या भागासाठीं त्याचा कारखानदार एक पत्रक प्रसिद्ध करतो. त्यास डेटाशीट म्हणतात. भागावर छापलेला क्रमांक इंटरनेटवर शोधला असतां बहुधा तें फुकट मिळतें. आम्हीं उमेदीचीं वर्षें महसूल खात्यांत कारकुनींत घालविलीं. सातबाऱ्याचा उतारा हातीं येतांच लोक नांव व क्षेत्र पाहतात आणि ‘इतर हक्क’ हा रकाना सोडून देतात. बोजा नेमका तेथेंच नोंदलेला असतो. डेटाशीटचेंही असेंच आहे. ठळक आकडा सर्वांस दिसतो. तो आकडा कोणत्या अटीवर खरा, हें बारीक अक्षरांतील टिपेंत असतें.

प्रथम दोन तक्ते निरनिराळे ओळखावे. एक कमाल सोसण्याच्या मर्यादांचा व दुसरा काम करण्याच्या शिफारशीचा. पहिल्या तक्त्यांतील आकडा म्हणजे पुलाच्या खांबावरील पुराची खूण होय. तेथपर्यंत पाणी चढलें तरी पूल उभा राहील इतकाच तिचा अर्थ, तेथून गाडी घालावी असा नव्हे. त्या मर्यादेपाशीं भाग नीट काम करील अशी हमी कारखानदार देत नाहीं. आपला व्यवहार दुसऱ्या तक्त्याशीं. साठवणीच्या तापमानाचा आकडाही याच पहिल्या तक्त्यांत येतो व तो मोठा असल्यामुळें विक्रेते तोच वाचून दाखवितात. कणगींतलें बी जें सोसतें तें रुजत घातलेलें बी सोसत नाहीं, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

बाजारांत ढोबळ मानानें तीन प्रती चालतात. व्यापारी प्रतीचा भाग ० ते ७० अंश, औद्योगिक प्रतीचा उणे ४० ते ८५ अंश आणि लष्करी प्रतीचा उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस. उणे बाजूचा आकडा आम्हां किनाऱ्यावरच्यांस निरुपयोगी आहे. त्यासाठीं कोणी अधिक दाम मागितल्यास देऊं नये. वरचा आकडा मात्र रोखठोक पाहावा.

आतां कोणी म्हणेल कीं, आमच्याकडे पारा पस्तीस-छत्तीसच्या वर क्वचितच जातो, मग ७० अंशांची मर्यादा पुष्कळ झाली. येथेंच खरी गफलत होते. डहाणूच्या वेधशाळेचा आकडा हा पांढऱ्या, झडपांच्या, हवेशीर पेटींत सावलींत टांगलेल्या तापमापकाचा असतो. आपली पेटी पत्र्याची, बंद, व पुष्कळदां पश्चिमेच्या भिंतीवर असते. तिच्या आंतील हवा बाहेरच्या सावलीपेक्षां पंधरा ते पंचवीस अंशांनीं अधिक तापूं शकते. शिवाय भाग स्वतः वीज खातो व स्वतः तापतो. म्हणून डेटाशीटमध्यें तीन निरनिराळीं तापमानें येतात : भोंवतालच्या हवेचें (टी-ए), भागाच्या कवचाचें (टी-सी) आणि आंतील सिलिकॉनच्या चकतीचें (टी-जे). मर्यादा यांपैकीं कशाची लिहिली आहे हें न पाहतां आकडा वाचणें म्हणजे गट नंबर न पाहतां क्षेत्र वाचणें होय. ‘१२५ अंश’ हा आकडा चकतीचा असला तर पेटीच्या हवेस तितकी मोकळीक मुळींच नसते.

हिशेब त्रैराशिकाहून अवघड नाहीं. १२ व्होल्टांचे ५ व्होल्ट करणारा, तीन पायांचा एक साधा रेग्युलेटर घ्या. तो ०.१५ अँपिअर प्रवाह देत असेल तर मधले ७ व्होल्ट उष्णतेंत जातात. ७ गुणिले ०.१५ म्हणजे १.०५ वॅट. उष्णता बाहेर पडण्यास होणारा अडथळा डेटाशीटमध्यें ‘अंश दर वॅट’ या मापानें दिलेला असतो. थंड करणारी पट्टी न लावल्यास अशा भागाचा तो सुमारें ६५ धरतात. म्हणजे चकती भोंवतालच्या हवेपेक्षां ६८ अंशांनीं अधिक तापणार. सावलींत ३६ अंश असतां ती १०४ अंशांवर राहते. १२५ च्या मर्यादेंत आहे. तोच भाग उन्हांतील पेटींत, आंतील हवा ६० अंश असतां, १२८ वर जातो. भाग तोच, काम तेंच. बदलली ती फक्त भिंत.

आमच्या ओळखीच्या एका वाडीवाल्याचा स्टार्टर दुपारीं बारानंतर मूग गिळून बसे व संध्याकाळीं आपोआप बोलूं लागे. मोबाईलच्या सिग्नलवर दोष ठेवून कारागिरानें दोनदां सिमकार्ड बदललें. अशा लहरी वागण्यांत पहिला संशय उष्णतेचा घ्यावा असें आमचें मत आहे. अनेक चिपांमध्यें अति तापल्यावर स्वतः बंद होण्याची सोय असते व थंड झाल्यावर त्या पुन्हां चालूं लागतात. पेटी उघडून कपॅसिटरांचे माथे पाहावे. ते फुगलेले असतील तर निदान जवळजवळ पक्कें झालें. मात्र पेटी उघडण्यापूर्वीं वीज तोडून कांहीं वेळ जाऊं द्यावा, व हें काम जाणत्याकडूनच करवावें; कारण कपॅसिटर वीज धरून ठेवतो.

या कपॅसिटराच्या डेटाशीटमध्यें ‘१०५ अंश, २००० तास’ असें लिहिलेलें असतें. २००० तास म्हणजे अवघे त्र्याऐंशी दिवस! पण घाबरूं नये. तो आकडा सतत १०५ अंशांवर ठेवल्याचा आहे. दर दहा अंश उतरल्यास आयुष्य सुमारें दुप्पट होतें असा ठोकताळा आहे. ६५ अंशांवर चार वेळां दुप्पट, म्हणजे ३२,००० तास, साडेतीन वर्षांहून अधिक. उलट स्वस्त पेटींत ‘८५ अंश, २००० तास’ असा कपॅसिटर घातला असेल तर त्याच ६५ अंशांवर ८,००० तास, म्हणजे सुमारें अकरा महिने. रात्रीं थंडावा असतो म्हणून प्रत्यक्षांत यापेक्षां अधिक दिवस निघतील. परंतु दोहोंमधील चौपटीचें अंतर तसेंच राहतें. किंमतीचा फरक तेवढा नसतो.

सौर कंट्रोलरच्या पत्रकांत एक उतरती रेघ काढलेली असते. अमुक अंशांपर्यंत पूर्ण ताकद, पुढें दर अंशास घट. घाट चढतांना गाडींतील भार कमी करावा तसें हें आहे. यंत्र स्वतःच भार उतरवितें. छापील ताकद व प्रत्यक्ष चालविण्याची ताकद यांत अंतर पडणें मोठ्या यंत्रांसही चुकलेलें नाहीं. १९६९ सालीं सुरू झालेले तारापूरचे पहिले दोन अणुसंच प्रत्येकीं २१० मेगावॅटचे म्हणून उभारले गेले, ते पुढें १६० मेगावॅटवर आणावे लागले. अर्थात् तेथील कारण वेगळें होतें. सौरपट्ट्याही उन्हानें तापल्या कीं कमी वीज देतात. त्यांची छापील ताकद पट्टीचें तापमान २५ अंश धरून मोजतात. पट्टी ६५ अंशांवर गेली व घट दर अंशास ०.३५ टक्के असली, तर चाळीस अंशांचे चौदा टक्के गेले. ३०० वॅटची पट्टी २५८ वर आली. मे महिन्यांत ऊन कडक म्हणून पाणी अधिक येईल ही अपेक्षा या कारणानें पुरती फळास येत नाहीं.

पेटीस भोकें पाडून हवा खेळवावी असा सल्ला घाटावरील लोक देतात. समुद्राकांठीं आम्ही तो मान्य करणार नाहीं. खारी दमट हवा आंत शिरून तांब्याच्या रेघा खाऊन टाकते, आणि मुंग्या व पाली यांचा उपद्रव वेगळाच. पेटी बंदच असावी, पण गरजेपेक्षां मोठी असावी, पांढरी असावी आणि उत्तरेच्या भिंतीवर पत्र्याला न चिकटवितां चार बोटें अंतर सोडून बसवावी. वर झांपाची किंवा पत्र्याची दुहेरी सावली करावी. पेटीवर ‘आयपी ६५’ असें लिहिलेलें असतें तें धूळ व पाणी यांपुरतें; उष्णतेविषयीं तें अक्षर कांहींच बोलत नाहीं.

खरेदीपूर्वीं विक्रेत्यास तीन गोष्टी लेखी विचाराव्या : चालू स्थितींत पेटीबाहेरील हवेचें कमाल तापमान किती, कोणत्या अंशापासून ताकद घटते, आणि कपॅसिटर ८५ चे कीं १०५ चे. ज्यांची पेटी आधींच बसली आहे त्यांनीं एक साधा तापमापक तिच्या आंत, तारांपासून दूर, जाणत्याकडून ठेववून घ्यावा आणि एप्रिलअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत दुपारीं दोन ते चार या वेळांत आंतील सर्वांत मोठा आकडा टिपून ठेवावा.