बाळाचे गाठोडे आठव्या महिन्यातच बांधा



गोठ्यातली म्हैस विणार असली, की घरधनी आठ दिवस आधीपासून तयारीला लागतो. गोठा झाडतो, खाली कोरडा पेंढा टाकतो, रात्री बॅटरी घेऊन दोनदा फेरी मारतो. मृग निघण्याआधी बी-बियाणे आणि औतकाठी तयार असते. पण घरात बाळ येणार असते, तेव्हा मात्र आपण म्हणतो, "बघू, वेळ आली म्हणजे." आणि वेळ तर रात्री-अपरात्रीच येते!

बाळाची तयारी म्हणजे मोठा खर्च नव्हे. लागणाऱ्या बहुतेक वस्तू तुमच्या घरात आहेत. त्या वेळेवर, स्वच्छ आणि कोरड्या हाताशी असाव्या, एवढेच सांगायचे आहे.

एका रात्रीची गोष्ट

पौषातली रात्र होती. शेतातल्या एका वस्तीवर बाईला कळा सुरू झाल्या. गाडी येईपर्यंत बाळ घरातच जन्मले. सगळी माणसे आईकडे धावली. बाळ तसेच ओले जमिनीवर राहिले. पुसायला फडके शोधू लागले, तर एक ओले, एक चुलीपाशी काळे झालेले. पेटीची किल्ली सापडेना. एवढ्यात आशाताई पोचल्या. बाळाचे पाय गार पडले होते, रडणेही थांबले होते. ताईंनी अंगावरच्या सुती ओढणीने बाळ पुसले, आईच्या उघड्या छातीवर ठेवले, वरून गोधडी घातली. हळूहळू बाळाला ऊब आली. ते वाचले.

त्या घरात कपडे नव्हते असे नाही. ते वेळेला हाती आले नाहीत. विहिरीतून पोहून निघाल्यावर वारा लागला, की मोठ्या माणसालाही हुडहुडी भरते. बाळ तर आईच्या पोटातल्या उबेतून ओलेच बाहेर येते. त्याची ऊब झपाट्याने जाते. म्हणून पहिले काम पुसणे, दुसरे आईच्या छातीशी धरणे. आंघोळ नंतर. पहिले चोवीस तास बाळाला न्हाऊ घालू नये.

"आधी शिवलं तर दृष्ट लागते"

असे पुष्कळ आजी सांगतात. "पोर हाती आल्याबिगर नवं झबलं शिवू नये, ताई." बरे तर आजी, नवे शिवू नका! आपल्याकडे पहिले झबले जुन्या कापडाचेच घालायची रीत आहे, आणि ती रीत चांगली आहे. जुने धोतर, जुने सुती लुगडे धुऊन धुऊन मऊ झालेले असते. ते बाळाच्या अंगाला टोचत नाही, पाणी चटकन टिपते. ते आधी धुऊन ठेवायला कोणती दृष्ट आड येते?

कापड साबणाने धुवा, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. जमिनीवर किंवा कुंपणावर नको, दोरीवर वाळत घाला. मग घडी करून स्वच्छ पिशवीत बांधा. पेटीत कुलूप लावून ठेवू नका.

गाठोड्यात काय ठेवावे?

बाळासाठी:
१. बाळ पुसायला आणि गुंडाळायला मऊ सुती कापडाचे दोन-तीन मोठे तुकडे. एक ओला झाला की लगेच दुसरा घ्यायचा.
२. पुढे बंद असलेली चार झबली. ती डोक्यातून ओढावी लागत नाहीत.
३. तीन टोपडी आणि पायमोजे. बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे, त्यामुळे डोक्यातून ऊब फार जाते.
४. बारा ते पंधरा लंगोट. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा थोडे जास्त ठेवा.
५. दोन दुपटी, एक गोधडी आणि एक मेणकापड.

आईसाठी: दोन धुतलेल्या साड्या किंवा गाऊन, पुढून उघडणारी चोळी, स्वच्छ सुती घड्या किंवा पॅड, साबण, टॉवेल आणि पाण्याची बाटली.

कागदपत्रे: माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, तपासणीचे सर्व कागद. थोडे पैसेही ठेवा.

आठवा महिना लागला, की हे सगळे एका जागी बांधून घरातल्या दोन माणसांना ती जागा दाखवा. दवाखान्यात जाताना कोणी विचारता कामा नये, "अगं, गाठोडं कुठं आहे?"

काय घेऊ नये?

दुधाची बाटली घेऊ नका. पहिल्या तासातच बाळाला अंगावर पाजा. पहिले पिवळे, घट्ट दूध म्हणजे चीक. तो पिळून टाकू नका, बाळाची ती पहिली लसच आहे. सहा महिने फक्त आईचे दूध. मध, घुटी, साखरेचे पाणी, साधे पाणीसुद्धा नको.

काजळ नको. पावडर नको. कानात-नाकात तेल नको. खोलीत धुरी आणि धुराची शेगडी नको; उबेसाठी आईचे अंग आहे.

नाळेला हळद, राख, शेण, तेल काहीही लावू नका. ती उघडी आणि कोरडी राहू द्या, लंगोट तिच्या खाली बांधा. साधारण एक-दोन आठवड्यांत ती आपोआप गळते. पूर्वी नवजात बाळे धनुर्वाताने दगावत, त्याला घाणेरडा विळा आणि नाळेवरचे शेण कारण असे. गरोदरपणातली इंजेक्शने आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे २०१५ साली आपला देश या आजाराच्या विळख्यातून सुटला. तो परत येऊ द्यायचा नाही.

वाटेतच बाळ झाले तर?

बाळंतपण दवाखान्यातच करा. सरकारी दवाखान्यात ते मोफत आहे. नेण्याची आणि घरी सोडण्याची गाडीही मोफत मिळते. पण बाळ वाटेतच जन्मले, तर घाबरू नका. बाळ पुसा, ओले फडके काढून टाका, आईच्या छातीवर उघड्या अंगाला अंग लावून ठेवा, टोपडे घाला, दोघांवर गोधडी घाला. नाळ हाताला येईल त्या पात्याने कापू नका. ती तशीच राहू द्या आणि दवाखाना गाठा.

कारभाऱ्यांचे काम

हे बायकांचे काम, असे म्हणून पारावर जाऊन बसू नका. गाडीसाठी १०२ आणि १०८ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. रस्ता खराब असेल, पूल पाण्याखाली जात असेल, तर चार दिवस आधीच दवाखान्याजवळच्या पाहुण्यांकडे मुक्काम हलवा. मोठ्या मुलांना कोण सांभाळेल, गुरांकडे कोण बघेल, हे ठरवा. बाळ जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब या पहिल्या लसी दिल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.

घरी आल्यावर आशाताई बाळाला पाहायला सहा वेळा येतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्राने देशाला दाखवली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी बाळांची काळजी घेतली. तिथे नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. तेव्हा ताई आल्या, की बाळ दाखवा. "निजलंय" म्हणून परत पाठवू नका.

बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेले असेल, श्वास भरभर चालत असेल, झटके येत असतील, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, किंवा नाळेतून पू येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घटकेला निघा.

गाठोड्याची शेवटची गाठ

आता एक गोष्ट, जी पिशवीत मावत नाही. ती दोघांनी बसून ठरवायची आहे: पुढचे मूल केव्हा?

एकाच शेतात लागोपाठ पिके काढली, तर जमिनीचा कस जातो. आईच्या अंगाचेही तसेच. पहिले अंगावर पीत असतानाच दुसऱ्याचे दिवस राहिले, तर आईचे रक्त भरून निघत नाही, पहिल्याचे दूध तुटते, आणि दुसरे बाळ दिवसाआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. अडीच किलोच्या आतले बाळ लवकर गार पडते. अशा बाळाला कितीही गोधड्या घातल्या तरी सांभाळणे अवघडच. म्हणून दोन मुलांत किमान तीन वर्षांचे अंतर ठेवा.

पाळी आली नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत, असे समजू नका. बाईची इच्छा असेल, तर बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच तांबी बसवता येते. नाहीतर सहा आठवड्यांनी तांबी किंवा 'अंतरा'चे इंजेक्शन घेता येते. निरोध पहिल्या दिवसापासून चालतो. तो कारभाऱ्यांनी स्वतः आणावा. कुटुंब पुरे झाले असेल, तर पुरुष नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. सरकारी दवाखान्यात हे सारे मोफत आहे. कोणते साधन आपल्याला योग्य, ते आठव्या महिन्यातच आरोग्य सेविकेला विचारून ठेवा.

आज रात्री जेवणे झाली, की दोघे मिळून पेटी उघडा. एक जुने धोतर, एक जुने लुगडे बाहेर काढा. उद्या ऊन पडले, की धुवा.

गाठोडे आधी बांधा, दुसरा पाळणा उशिरा!